संधी दवडलेला माणूस

आमच्या चौकातले भाऊ गेली बारा वर्षे ‘भावी आमदार’ आहेत. या पदाला मुदत नसते. त्यामुळे निवडणूक होवो न होवो, दर वाढदिवसाला ते बिनविरोध निवडून येतात. फलक लागतो, त्यामागे सिग्नल झाकला जातो आणि वाहतूक भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत स्वतःच्या जबाबदारीवर पुढे सरकते. यंदा मात्र त्यांनी मनावर घेतले आहे. परवा मला बोलावून म्हणाले, “तुम्ही पेपरात लिहिता ना? मग आपला एक कार्यअहवाल लिहून द्या.”

“त्यात कार्य कोणतं घालायचं?”

“ते तुम्ही बघा. लेखक तुम्ही आहात.”

मी सुचवले की आधी एखाद्या आमदाराची कारकीर्द नमुन्याला घेऊ आणि तिच्या मापाने तुमची बेतू. “मग विक्रमी माणूस घ्या,” भाऊ म्हणाले. मी घेतला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार.

“अकरा!” भाऊ सरसावून बसले. “पक्ष किती बदलले?”

“एकही नाही. शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले तेव्हाही तोच, २०१४ ला अकराव्यांदा आले तेव्हाही तोच.”

भाऊंचा चेहरा अकराला शून्याने भागायला सांगितल्यासारखा झाला. “चिन्ह काय?”

“खटारा.”

“गाडीचं नाही विचारलं. चिन्ह, चिन्ह!”

“चिन्हच खटारा. बैलगाडी. गाडीचं म्हणाल तर एसटी.”

भाऊंनी चहा सांगितला. प्रकरण गंभीर आहे, हे त्यांच्या लक्षात आले असावे.

आता खरे तर गणपतरावांना संधीच मिळाली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. शेकापच्या संस्थापकांपैकी केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे स्वतः काँग्रेसमध्ये परतले होते. पुढे यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण मांडले आणि त्या बेरजेत शेकापचे मोहरे एकेक करून हातच्यासारखे गेले. वाट मळलेली होती, पाटी लावलेली होती, पलीकडे माणसे स्वागताला उभी होती. हे गृहस्थ सांगोल्याच्या स्टँडवर पंढरपूर गाडीची वाट बघत राहिले. भाऊंच्या मते याला निष्ठा म्हणत नाहीत, गाफीलपणा म्हणतात.

“बरं, कधी पडले का?”

“दोनदा. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी दोनशेहूनही कमी मतांनी पाडलं.”

“मग पडल्यावर तरी पक्षप्रवेश?”

“१९९९ ला पुन्हा शेकापकडूनच उभे राहिले. आले.”

भाऊंना मात्र वेगळेच काही आठवले होते. “शहाजीबापू म्हणजे ते ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’वाले?”

“तेच.”

“बघा! म्हाताऱ्याला अकरा टर्ममध्ये एक डायलॉग गाजवता आला नाही. बापूंनी एका फोनवर राज्य जिंकलं.”

यावर काय बोलणार? गणपतराव २०२१ च्या जुलैत गेले. पुढच्याच जूनमध्ये बापूंसह शिवसेनेच्या फुटीर आमदारांचा जथा सुरतमार्गे गुवाहाटीला पोचला आणि लोकशाहीच्या इतिहासात हाटील दाखल झाले. तेव्हा आसामात मोठा पूर होता. पण तो झाडीच्या पलीकडे असावा.

“पण पक्षांतराला कायदा आडवा येतो म्हणतात?” भाऊंनी आवाज खाली आणून विचारले. मी समजावले. १९८५ ला दहावी अनुसूची आली. आधी एकतृतीयांश फुटले तरी चालायचे, २००३ ला ती सवलत काढली आणि आता विलीनीकरणाला दोनतृतीयांश लागतात. थोडक्यात, एकट्याने उतरलात तर तुम्ही विनातिकीट, बस भरून निघालात तर सहल. शिवसेनेच्या प्रकरणात विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निकाल दिला. खरा पक्ष कोणता ते ठरले, आणि अपात्र मात्र दोन्हीकडचा एकही झाला नाही.

“सगळी पोरं पास,” भाऊ भारावून म्हणाले. “असा पेपर तपासणारा आम्हाला सातवीत मिळाला असता तर!”

मग आम्ही कामांकडे वळलो. गणपतरावांच्या नावावर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा, टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठीचा पाठपुरावा, रोजगार हमीचा आग्रह. शिवाय ज्या सांगोल्यात कापूस पिकत नाही तिथे सहकारी सूतगिरणी, आणि तेवढ्यावर न थांबता बायकांची आणखी एक.

“हे काय धोरण झालं?” भाऊ कळवळले. “उपसा सिंचनाचं पाणी यायला तीन टर्म जातात. तोवर फीत कापायला आपण असतो का? आमदाराला वर्षाला पाच कोटींचा निधी असतोय. हायमास्ट घ्या. दिवसा उभा केला की रात्री दिसतो. स्वागतकमान घ्या. गावात पाणी नसलं तरी पाव्हणा आत येताना झुकतो. आणि पेव्हर ब्लॉक! त्याच्यासारखं बारमाही पीक नाही. दरसाल उपटायचं, दरसाल लावायचं. त्याला पाऊसही लागत नाही.”

मी वहीत ‘शाश्वत शेती’ या मथळ्याखाली टिपून घेतले.

“मंत्री तरी झाले का?”

“दोनदा. १९७८ ला आणि १९९९ ला.”

“दोनदा मंत्री होऊन एसटी! मग घरच्यांना काय ठेवलं?”

“एक नातू २०१९ ला उभे होते. शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडले. दुसरे नातू २०२४ ला पंचवीस हजारांहून जास्त मतांनी आले. तेही बापूंनाच पाडून.”

“म्हणजे घराणं आहे की!” भाऊंनी मांडीवर थाप मारली. “हे आधी सांगायचं नाही का? उगाच तासभर नाउमेद केलंत.” इथे मला गप्प बसावे लागले. मतदारांनी दिलेला वारसा आणि वारशाने मिळालेले मतदार यांतला फरक मी मनाशी जुळवून पाहिला, पण भाऊंना पटेल असा तो माझ्याच्याने मांडता येईना.

निघताना भाऊंनी हटकले. “ती एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असायची. अजून असते का हो?”

“असते. वर लिहिलेलं असतं.”

“बसतं कोण?”

“स्टँडवर खिडकीतून आधी रुमाल टाकतो तो.”

भाऊ विचारात पडले. मग त्यांनी पोराला हाक मारली. “सोमवारी आपण एसटीनं जाणार. ती राखीव सीट आदल्या रात्रीच धरून ठेव. फोटोवाला दारात, रीलवाला समोर. आणि आपल्या बारा गाड्या मागनं येऊ देत. बस मध्येच बंद पडली तर?”

पोराने विचारले, “भाऊ, तिकीट काढायचं का?”

“कुठल्या पक्षाचं?” भाऊ म्हणाले.