तान्ह्याची सहल

सहा महिन्यांच्या बाळाला इमॅजिका दाखवायची हौस आता आमच्या कळसाडी गावापर्यंत पोचली आहे. 2013 साली खोपोलीजवळ सुरू झालेल्या या पार्कात लहान मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. बाळाला अजून उभंच राहता येत नाही, म्हणजे फुकट. आणि फुकट म्हटल्यावर न्यायलाच हवं!

रात्रभर गाडीत टाहो फोडलेलं बाळ नेमकं फाटकाशी गाढ झोपतं. मग बाबा ‘नायट्रो’ रोलरकोस्टरवर किंचाळतात, आई सावली शोधून लंगोट बदलते आणि आजी येईल-जाईल त्या मिकीटोपीवाल्याची दृष्ट काढते. झोपलेल्या बाळाच्या डोळ्यांवर गॉगल चढवून फोटो निघतो. खाली ओळ, ‘पिल्लूने खूप एन्जॉय केलं.’

खरं तर दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आपल्याच जिल्ह्यात, तापीकाठी भरते. घोडेबाजारात शेपटी हलली की तान्हं खिदळतं, जिलेबीचा पाक चाटतं. पण तिथं आजोबासुद्धा गेले होते, त्यामुळे स्टेटसला ठेवायला ती जरा कमी पडते.

परतीच्या वाटेवर बाळ जागं झालं. बाबांच्या खिशातलं तिकीट त्याला फार आवडलं. अर्धं खाल्लं.