वरातीला माफी

दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीतून वरात निघाली आणि बँडवाल्यांनी कुठलंही फिल्मी गाणं हाणलं, तरी 1957 चा कॉपीराइट कायदा कानाडोळा करतो. कलम 52 मध्ये लग्नाच्या वरातीला चक्क सूट आहे. वरच्या मजल्यावर एखादा पोरगा गेम खेळत व्हिडिओ करतोय आणि त्याच गाण्याची मूळ रेकॉर्ड डीजेवरून खिडकीतून आत शिरली, तर मात्र यूट्यूबचं कंटेंट आयडी यंत्र कान टवकारतं. मग जाहिरातीचे पैसे म्युझिक कंपनीच्या खिशात जाऊ शकतात. पोराने गेममधल्या सैनिकाला मुंडावळ्या बांधून पाहाव्यात. यंत्राला दया आली तर आली.

जुनं जपायला मात्र असं तत्पर यंत्र कुणी बसवलेलं नाही. ऑर्कुट हे समाजमाध्यम 30 सप्टेंबर 2014 ला मिटलं, तेव्हा तिथल्या आमच्या स्क्रॅपांवर, म्हणजे एकमेकांना लिहिलेल्या निरोपांवर, मालकी सांगायला एकही कंपनी धावली नाही. सिनेमाचंही तसंच. दिंडोशीशेजारच्या चित्रनगरीला दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. त्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'वरचा हक्क केव्हाच संपला. अख्खा चित्रपट खुशाल अपलोड करा, कुणी स्ट्राइक देणार नाही. फक्त आधी त्याची पूर्ण प्रत सापडायला हवी.