बोचक्याची वारी

सोलापूरहून पंढरपूर रस्त्यानं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. सकाळी एसटीत बसलेला माणूस विठोबाचा कळस बघून दिवेलागणीच्या आत घरी परत येतो. तरीही ज्येष्ठाची पौर्णिमा उलटली की सोलापूरच्या पेठापेठांतून काही मंडळी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून आधी पुण्याला जातात, तिथून आळंदी गाठतात आणि अडीचशे किलोमीटर पायी चालत आपल्याच जिल्ह्यात परत येतात. व्यवहारात याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. वारीत याला ज्ञानेश्वर माउलींबरोबर चालणं म्हणतात, आणि तिथं किलोमीटरचा हिशेब विचारायची पद्धत नाही.

या मंडळींचा नमुना म्हणून भवानी पेठेतल्या एका काकांकडे बघू. नाव नको, कारण असे काका प्रत्येक पेठेत असतात. नोकरीतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत आणि पायी चालण्याचा दांडगा अनुभव. हा अनुभव म्हणजे कोजागरीची तुळजापूर वारी. त्या रात्री सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहनं दुसरीकडे वळवतात आणि रूपाभवानीच्या देवळापासून पुढं माणसांचा लोंढा लागतो. अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर. वाटेत कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी दूध, कुणी खिचडी. तामलवाडी येईपर्यंत भूक लागायची सोय नाही. सामान काय, तर एक नॅपकिन, मोबाईल आणि परतीच्या एसटीचे पैसे. या एका रात्रीला काकांनी वीसनं गुणलं आणि आषाढीच्या तयारीला लागले.

तिसऱ्या दिवशी काकूंनी खोलीत डोकावून विचारलं, "अहो, काय भरूलालाव एवढं?"

उत्तर सामानाच्या पलीकडून आलं. वीस दिवस म्हणून वीस बनियन. गुडघ्याचं तेल दोन प्रकारचं, एक दुखण्याआधी लावायचं, एक दुखल्यावर. टॉर्च, टॉर्चचे जादा सेल, आणि सेलही दगा देतील म्हणून दुसरा टॉर्च. घडीची खुर्ची. नऊ हजार ओव्यांची, अर्थासह छापलेली, जाड पुठ्ठ्याची ज्ञानेश्वरी. पालखी ज्यांची त्यांचाच ग्रंथ, तो नको असं म्हणणार कोण? आणि सगळ्यांच्या तळाशी, पाया म्हणून घातलेली, सोलापुरी चादर.

या चादरीबद्दल सोलापूरकराशी वाद घालू नये. जॅकार्ड मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी अंगावर घेता येणारी, भौगोलिक मानांकन मिळवलेली ही चादर लग्नात देतात, सत्काराला देतात, मुंबईच्या पाहुण्याच्या गळ्यात घालतात. पण ती निखळ सुती आहे आणि सूत पाणी सोडायला तयार नसतं. दिवे घाटात पावसाच्या सरीत सापडलेली चादर रात्री सासवडच्या मुक्कामी पिळायला दोन माणसं लागतात, आणि सकाळी ती पुन्हा उचलायला तिसरा लागतो. वारीत मुरलेली माणसं म्हणूनच जाडजूड पांघरुणाऐवजी प्लॅस्टिकचा कागद बाळगतात. तो पावसात डोक्यावर, रात्री अंगाखाली आणि वाऱ्यात भिंत. किंमत चहा-भज्याएवढी. मानांकन नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र काका अजाणता योग्य वाटेवर होते. गिर्यारोहकांना दुकानातून महागडी कोरडी पाकिटं घ्यावी लागतात. सोलापूरच्या बायका पिढ्यान् पिढ्या कडक भाकरी थापत आल्यात. ज्वारीची किंवा बाजरीची, कागदाएवढी पातळ, ओलावा पुरता काढलेली. ती आठवडेच्या आठवडे टिकते, वजन नाही, शिळी होण्याची भीती नाही. सोबत शेंगाची चटणी, जिला ना फ्रिज लागतो ना झाकण. झाकण लागतं ते फक्त शेजाऱ्यापासून वाचवायला. कडक भाकरीत दोष एकच. ती घडीच्या खुर्चीखाली ठेवली की तिचा भुगा होतो, आणि काकांनी ती तिथंच ठेवली होती.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर बोचकं चढलं तेव्हा आकडा सतरा किलो आला. दुकानदारानं काटा एकदा झटकून पुन्हा बघितलं. सतराच.

स्पेनमध्ये सान्तियागोला पायी जाणारे यात्रेकरू एक नियम पाळतात: पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या वर नको. काकांचं वजन अडुसष्ट, म्हणजे परवानगी पावणेसात किलोची. अमेरिकेत एमा गेटवुड नावाच्या आजींनी १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ॲपलाचियन डोंगररांगेतली तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकटीनं पार केली. अकरा मुलांची आई. खांद्यावर घरी शिवलेली जीनच्या कापडाची झोळी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. या आजींना आपल्या कुठल्याही दिंडीत पहिल्याच दिवशी जागा मिळाली असती. पडद्यासकट.

काकांना जागा मिळवायला भिशी भरावी लागली. दिंडीच्या जेवणाखाण्याचा, तंबूचा, ट्रकचा वाटा म्हणजे भिशी. ती भरताना दिंडीच्या महाराजांनी बोचक्याकडे शांतपणे पाहिलं आणि रीत सांगितली. एक पिशवी ट्रकमध्ये, एक खांद्यावर. ट्रकमधल्या पिशवीवर नाव मोठ्या अक्षरांत. खांद्यावरची पिशवी इतकीच की दोन्ही हात टाळाला मोकळे राहतील. "आणि ही खुर्ची, माउली?" काकांनी विचारलं. महाराज म्हणाले, "खुर्चीला भिशी वेगळी पडंल, माउली."

इथं वारीच्या हलकेपणाचं गुपित आहे, आणि ते विरक्तीपेक्षा बरंच जास्त व्यवस्थेचं आहे. लोक वारकऱ्याच्या खांद्यावरची चिमुकली झोळी बघतात, फोटो काढतात आणि गहिवरतात. त्या झोळीच्या मागून तंबू, पातेली, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या आणि शंभर माणसांच्या वळकट्या घेऊन ट्रक येत असतो, त्याच्या मागं पाण्याचा टँकर. ओझं नाहीसं झालेलं नसतं, ते वाटून घेतलेलं असतं. चप्पल तुटली तर वाटेत फुकट शिवून देणारा बसलेला असतो, दाढी वाढली तर फुकट करून देणारा, पाय सुजले तर चोळून देणारा, आणि त्यापुढचं काही झालं तर १०८ची गाडी. दाभण, वस्तरा आणि दोन प्रकारचं तेल घरी ठेवता येतं ते यामुळे.

ही घडी बसवली ती लष्करातल्या माणसानं, हे लक्षात घेण्याजोगं आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, दिंड्यांचे क्रमांक, रथापुढं कोण आणि रथामागं कोण, मुक्काम कुठं, तंबू कुठं, सगळं ठरलेलं. बुणग्यांचं ओझं घेऊन पानिपतावर गेलेल्या फौजेचं काय झालं हे शिंद्यांच्या दरबारात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

ट्रकच्या व्यवस्थेला एक उपनियम आहे, तो कुणी सांगत नाही, पहिल्या दिवशी आपोआप कळतो. हवी ती वस्तू ट्रकमध्ये असते आणि नको ती खांद्यावर. दिवे घाटात पाऊस सुरू झाला तेव्हा काकांचा प्लॅस्टिकचा कागद (शेवटी काकूंनी घालून दिलेला) ट्रकमध्ये, टँकरच्याही पुढं, कुठल्याशा कोंडीत उभा होता आणि खांद्यावर होती ज्ञानेश्वरी. पुण्याहून सासवडचा तो टप्पा तीसेक किलोमीटरचा, सगळ्या वाटेतला मोठा. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत काकांनी ग्रंथ बनियनच्या आत घातला होता. पोटाशी धरलेली ज्ञानेश्वरी कोरडी राहिली. बाकीच्या काकांबद्दल तसं सांगता येत नाही.

पुढं चालणाऱ्या आज्यांचं सामान बघून मात्र त्यांची बोलती बंद झाली. एक नेसलेलं नऊवारी, एक पिशवीत. कनवटीला पैसे, कमरेला चंची, पदराला किल्ली नाही तर औषधाची पुडी. नदीवर नेसूचं धुतलं की दोघी जणी दोन टोकं धरून उभ्या राहतात आणि बोलता बोलता ते वाऱ्यावर वाळवतात. दोरी नको, चिमटे नकोत, खुंटी नको. आणि एवढं सगळं हलकं करून डोक्यावर काय, तर तुळशीवृंदावन. पखवाज गळ्यात घालून दिवसभर नाचणाऱ्यांचंही तेच. वीणेची तर आणखी तऱ्हा: ती खाली ठेवायचीच नाही, दमलात तर दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. दहाव्या हिश्शाचा नियम या लोकांना सांगून बघावा असं काकांना एकदा वाटलं, पण धीर झाला नाही.

हरवल्या वस्तूंचा प्रश्न संध्याकाळी सुटतो. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात. चोपदार चांदीचा दंड वर करतात आणि एवढा मोठा तळ चिडीचूप होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिकडं जाऊन विचारपूस करतात. त्यानंतर हरवलं-सापडलंची घोषणा. चष्मा, पाकीट, पिशवी, काठी. वाल्ह्याला काकांनी आपला एक टॉर्च सापडल्याचं ऐकलं आणि ते गप्प बसले. तो त्यांनी मुद्दाम हरवला होता.

नीरेच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान झालं, फलटण मागं पडलं आणि आभाळ कोरडं झालं. पुण्याकडं छत्री मागणारी वारी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते ती बहुधा टोपी मागत. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख. त्यामुळे वारीच्या पिशवीत दोन ऋतू भरावे लागतात, आणि पहिला ऋतू दुसऱ्यात वाळवावा लागतो. काकांची चादर सासवडला भिजली होती, ती खऱ्या अर्थानं वाळली नातेपुत्यात.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर. एव्हाना बोचकं नऊ किलोवर आलं होतं. खुर्ची पुण्यात भाच्याकडं, तेलाची एक बाटली गुडघेदुखीच्या दुसऱ्या रुग्णाला, बनियन दिंडीतल्या तिघांना. काका हलके झाले होते, पावलं टाळावर पडू लागली होती. नेमक्या याच वेळी नातेवाइकांना बातमी लागली. परक्या जिल्ह्यातून आलेल्या वारकऱ्याला हे संकट नसतं. माळशिरसला आत्या धपाटे घेऊन आल्या, वेळापूरला मावसभाऊ शेंगाची चटणी घेऊन, भंडीशेगावला साडू एक नवी कोरी सोलापुरी चादर घेऊन, रात्री गार पडतंय म्हणून. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं की आत्या रडतात. वाखरीच्या तळावर अनेक पालखी सोहळे एकत्र आले तेव्हा बोचकंही पूर्वपदावर आलं होतं.

पंढरपूरला शेगावहून गजानन महाराजांचीही पालखी येते, तिचं काकांना फार कौतुक. सातशे किलोमीटरहून जास्त वाट, महिनाभराची चाल, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली शिस्तशीर रांग. ती तुळजापूर, उळेमार्गे खुद्द सोलापुरात मुक्कामाला येते आणि मग तिऱ्हे, मंगळवेढ्यावरून पंढरपूर. पुढच्या वर्षी तिच्यामागून तिऱ्ह्यापर्यंत तरी चालावं, असं त्यांच्या मनात आलं. त्याला पिशवीच लागणार नाही.

एकादशी झाली, कळसाचं दर्शन झालं, आणि पंढरपूरच्या बाजारानं आपलं काम केलं. कुंकू, बुक्का, बत्तासे, नातीला बांगड्या. घोंगडीच्या दुकानापुढं काका बराच वेळ उभे राहिले आणि दोन चादरी आठवून पुढं सरकले. चुरमुऱ्याला वजन नसतं म्हणून ते पोतंभर घेतले.

बसस्थानकात सोलापूर गाडीच्या दारात कंडक्टरनं पोतं अडवलं. "माउली, ह्याचं लगेज लागंल."

"वजन करून बघा की ओ, चार किलोसुद्धा नाही!"

"वजनाचं कुठं, मी जागेचं बोलूलालो."

तडजोड म्हणून पोतं मांडीवर आलं, मग तोंड सुटलं, आणि मोहोळ येईपर्यंत आजूबाजूच्या तीन बाकांनी मिळून त्याची उंची वीतभर खाली आणली. तिकिटं संपवून परत येताना कंडक्टरनंही ओंजळ पुढं केली, दोन घास चावून बघितले आणि विचारलं, "शेंगा नाहीत का ओ ह्यात?"