जावई रजेवर

केंद्र सरकारने १९९७ साली आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना बाळाच्या जन्मानिमित्त पंधरा दिवसांची पगारी रजा लागू केली. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घ्यायची, नाहीतर बुडाली. तीही पहिल्या दोन मुलांपुरतीच. नियम चोख आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि रजेवरचा बाप जावई होऊन सासुरवाडीत येऊन थडकतो, हे नियम लिहिणाऱ्या साहेबांच्या ध्यानात आलं नसावं. आमचे जावई असे रामवाडीला एसटीतून उतरले आणि माझी पंचाईत झाली. बाळाचं करायचं, बाळंतिणीचं करायचं, आणि त्यात जावयाचं!

जावयाने पाटावर बसावं, आग्रह करून घ्यावा, दुपारी ताणून द्यावी. हे पहिल्याच सकाळी दुपट्यांची बादली घेऊन मोरीत. मी बादली काढून घेतली.

"आई, मग रजा कशाला काढलीय?"

"तुम्ही बसा हो, चहा टाकते."

चहा पिऊन पुन्हा मोरीत. दुपटी अशी पिळायचे की दोरीखाली तळं साचायचं.

मी हौसेने सहाण धुऊन ठेवली होती. वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, सगळं जमवलं होतं. जावयांनी अदबीने सांगितलं, डॉक्टर म्हणतात सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. माझी लेक गुटीवरच वाढली, असं मी ऐकवलं. ते नुसतं हसले. लेकीने डोळे वटारले. सहाण फडताळात गेली.

खरी गंमत पुढे. बाळ वजनाला थोडं कमी, म्हणून बापानेही त्याला उघड्या छातीशी धरावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही कांगारू पद्धत म्हणे १९७०च्या दशकाअखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात निघाली. ती रामवाडीत आमच्या माजघरात पोचली. जावई खुर्चीत उघडेबंब, छातीवर बाळ, वरून माझी जुनी पातळाची घडी. शेजारच्या काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि "आंघोळीला निघालेत वाटतं" म्हणत दारातूनच मागे फिरल्या. जावई लाजेने लाल झाले, पण हलले नाहीत. बाळाचा कान त्यांच्या छातीला चिकटलेला, चिमुकली मूठ गळ्याजवळ. पायाला मुंग्या आल्या तरी तासभर माणूस तसाच. बाळ रडायला लागलं की माझ्या खांद्यावर आधी गप्प व्हायचं. आठवड्याभरात ते त्यांच्याकडे गप्प व्हायला लागलं. मला जरा लागलंच ते, लपवू कशाला?

आमच्या ह्यांना हे सगळं थेर वाटायचं. त्यांची उभी हयात कारखान्याच्या पाळीत गेली. "गावसकरनं काढली होती का रजा?" हा त्यांचा हुकमी सवाल. खरंय. २० फेब्रुवारी १९७६ ला रोहन कानपूरला जन्मला तेव्हा बाप न्यूझीलंडमध्ये, तिथून परस्पर वेस्ट इंडिजला. एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ धावांचं लक्ष्य आपण गाठलं, त्यात गावसकरच्या १०२. तोवर त्याने मुलाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. जावई म्हणाले, "बाबा, २०२० मध्ये कोहली ऑस्ट्रेलियातून पहिल्या कसोटीनंतर रजेवर परतला आणि अजिंक्य रहाणेने मालिका २-१ जिंकून आणली. माणूस रजेवर गेला तर कुणाचं अडत नाही." ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

सुट्टी तशी पूर्वीही होती. मूल जन्मलं की दहा दिवस सोयर. बापाला देवपूजेतून मोकळीक. पण त्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत त्याला कोण शिरू देतंय? देवघर बंद, खोलीही बंद, मग तो निमूट कामावर जायचा. आमचे हेही तसेच गेले.

लेकीला बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीमुळे सव्वीस आठवडे मिळाले. त्याआधी बाराच होते. आमच्या मुंबई इलाख्याने तर १९२९ मध्येच कारखान्यातल्या बायकांसाठी बाळंतपणाचा कायदा केला होता, आणि त्या विधेयकासाठी १९२८ मध्ये कायदेमंडळात डॉ. आंबेडकर बोलले होते. एवढी जुनी परंपरा, पण पेणच्या गणपती कारखान्यात रोजंदारीवर रंगकाम करणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? श्रावण आला की मूर्तींच्या रांगांमागे झोळी टांगून ती कामाला बसते. तिच्या नवऱ्याच्या रजेचं तर नावच नको. खासगी नोकरीतल्या बापाला अशी रजा देणारा कायदा देशात अजून नाही. ती मालकाच्या मर्जीवर. स्वीडनने १९७४ मध्येच आई-बाप दोघांत वाटून घेण्याची रजा आणली, असं जावयांनीच सांगितलं. तिथे सासू आड येत नसेल.

तेव्हा सासूबायांनो, तुमचा जावई रजा घेऊन आला तर पाट मांडण्याआधी त्याला दुपट्यांची दोरी दाखवा. आणि पिळायचं कसं, तेही.