गॅलरीतल्या रायफलरावांस

रा. रा. रायफलराव यांस,
मु. पो. लॅन्सिंग, राज्य मिशिगन, अमेरिका.

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं मनःपूर्वक अभिनंदन. ३० एप्रिल २०२० रोजी करोनाच्या टाळेबंदीचा निषेध करायला आपण मिशिगनच्या विधानभवनात शिरलात आणि रायफल गळ्यात अडकवून वरच्या गॅलरीत उभे राहिलात. खाली सिनेटचं कामकाज चालू होतं. त्या दिवशी काही सदस्य गोळी अडवणारं जाकीट अंगावर चढवून बाकावर बसले होते. इतकी जय्यत तयारी करून ऐकायला बसणारे श्रोते फार थोड्या वक्त्यांच्या नशिबी येतात.

आपण कायदा मोडला नाहीत, हे आधीच कबूल करतो. बंदूक उघडपणे मिरवत त्या इमारतीत जायला तेव्हा मुभा होती. बंदी होती ती फलकांना! म्हणजे ‘टाळेबंदी उठवा’ असं पुठ्ठ्यावर लिहून आणलं असतंत, तर दारातच अडवलं असतं; रायफल आणलीत, तर या, वर जा. पुठ्ठ्याने कुणाचा जीव जात नाही, ही पुठ्ठ्याची अपात्रता समजायची का?

आपला युक्तिवाद मी नीट समजून घेतला आहे. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती भाषणाचं स्वातंत्र्य देते आणि दुसरी शस्त्र बाळगण्याचं. दोघी एकदमच, १७९१ साली, राज्यघटनेच्या घरात आल्या. मग एकीला मोर्चाला न्यायचं आणि दुसरीला घरी ठेवायचं, हा कुठला न्याय? शिवाय रायफल हीच आपली अभिव्यक्ती आहे. वा! अडचण एवढीच, की बोलणं म्हटलं की समोरच्यालाही बोलता आलं पाहिजे. लोकशाही म्हणजे शेवटी अरेला कारे करण्याची सोय. आपल्या ‘अरे’ला गोळ्यांचं मॅगझीन लावलेलं असल्यावर ‘कारे’ म्हणायला कोण धजावेल?

अगदीच कुणी धजावलं नाही असं नाही. आपल्या दर्शनानंतर आठवडाभरातच सारा अँथनी या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी विधानभवनात आल्या, त्या सोबत सशस्त्र कृष्णवर्णीय नागरिकांचं कडं घेऊन. आपल्या ‘भाषणा’ला उत्तर मिळालं आणि तेही आपल्याच भाषेत. पुढे १४ मे रोजी पुन्हा निदर्शनं होणार म्हटल्यावर विधिमंडळाने त्या दिवशीची बैठकच रद्द केली. ज्यांनी आपलं ऐकावं म्हणून एवढी शस्त्रसामग्री वाहून आणायची, त्यांनीच दुकान बंद केलं. चर्चा सफळ संपूर्ण!

आपल्या व्हर्जिनियातल्या बंधूंनी तर याहून कमी श्रमात काम साधलं होतं. १२ ऑगस्ट २०१७, शनिवार, शार्लट्सव्हिल. गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा गावात भरलेला, आणि बेथ इस्रायल या ज्यू प्रार्थनामंदिरात सकाळच्या प्रार्थनेला चाळीसेक माणसं जमलेली. लष्करी पोशाखातले तिघे जण अर्धस्वयंचलित रायफली घेऊन रस्त्यापलीकडे येऊन उभे राहिले. प्रार्थना संपल्यावर मंडळी मागच्या दाराने, गटागटाने बाहेर पडली. त्या तिघांना गोळी झाडावी लागली नाही. झाडण्याची गरजच नव्हती. त्या दिवशी धर्माचं स्वातंत्र्य शाबूत होतं, एकत्र जमण्याचं स्वातंत्र्यही शाबूत होतं, फक्त ते मागच्या दारापुरतं उरलं होतं. पहिल्या दुरुस्तीचा एवढा आटोपशीर वापर दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

आपण आपल्या हक्काच्या परंपरेचा अभिमान बाळगता, म्हणून तिच्यातलं एक पान आपल्यासमोर धरतो. २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथर पक्षाचे तीसेक कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. कायद्याने त्यांनाही तेव्हा आपल्याइतकीच मुभा होती. भरलेली बंदूक रस्त्यावर बाळगायला बंदी घालणारं विधेयक सभागृहासमोर होतं आणि त्याचाच निषेध करायला ते आले होते. परिणाम? विधेयक झटपट मंजूर झालं, गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याच वर्षी त्यावर सही केली आणि बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशन या संघटनेनेही त्याला पाठिंबा दिला. बंदूक ही अभिव्यक्ती असते, हे तेव्हा कुणालाच आठवलं नाही. बंदूक तीच, हात मात्र काळे होते. तेव्हा आपला हक्क कलमातून आलाय की कातडीतून, हे सवडीने तपासून पाहावं.

‘छे, आम्ही फक्त स्वसंरक्षणासाठी नेतो,’ असं आपण म्हणाल. मग डॅलसला जाऊ या. ७ जुलै २०१६. पोलिसांच्या गोळीबारांविरुद्धच्या मोर्चात वीस-तीस जण खांद्याला रायफली लावून चालत होते. टेक्सासात ते कायदेशीर. मोर्चाच्या अखेरीस एका हल्लेखोराने पाच पोलिसांना ठार केलं. गोळ्या सुटल्या आणि रायफलवाले वाट फुटेल तिकडे पळाले. त्यातला हल्लेखोर कोण आणि हौशी कोण, हे पोलिसांनी कसं ओळखायचं? एका निरपराध माणसाचा फोटो त्यांनी संशयित म्हणून देशभर फिरवला. त्याने आपली बंदूक स्वतः होऊन पोलिसांच्या हवाली केली होती. १४ जून २०२५ रोजी सॉल्ट लेक सिटीत एका मोर्चाजवळ एक जण रायफल घेऊन दिसला. तो गोळीबार करणार, असं वाटून मोर्चाच्या सुरक्षेवरच्या एका स्वयंसेवकाने गोळ्या झाडल्या. त्यात मोर्चाला आलेला एक तिसराच माणूस गेला. रायफलवाल्याने एकही गोळी झाडली नव्हती. आपल्या रायफलीने कुणाचं रक्षण झालं, तेवढं उलट टपाली कळवावं.

आता आमच्याकडचं सांगतो. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभं केलं आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. तो अपमान इतका झोंबला होता, की १९३१च्या कराची काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. संविधान सभेतही हरि विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. ती मान्य झाली नाही. अनुच्छेद १९ने एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि विनाशस्त्र. निःशस्त्र करून ठेवल्याचा राग असलेल्या लोकांनी पूर्ण शुद्धीत हे लिहिलं. आम्ही सोवळे आहोत असं समजू नका. आमच्या मिरवणुकांतही तलवारी नाचतात, कधी गुन्हा नोंदवला जातो, कधी पोलीस दुसरीकडे बघतात. पण तलवार नाचवणाऱ्याला आम्ही वक्ता म्हणत नाही.

११ जानेवारी २०२१ रोजी मिशिगनच्या विधानभवनात उघड बंदूक न्यायला बंदी झाली. त्याने आपला आवाज दाबला गेला, असं आपल्याला वाटत असेल. तर मग एकदा रिकाम्या हाताने या आणि टाळेबंदीने आपला धंदा कसा बुडाला, गव्हर्नरबाई कुठे चुकल्या, ते भर सभेत मोठ्याने सांगा. कदाचित आपलं बरोबरही असेल. आम्ही टाळ्या वाजवू, किंवा आपला मुद्दा खोडून काढू, किंवा ‘खाली बसा’ म्हणून ओरडू. तिन्ही प्रकारांत आपण धडधाकट घरी जाल, आणि आम्हीही.

कळावे. लोभ असावा, नेम नसावा.

आपला,
एक निःशस्त्र वाचाळ