सोफिया, वर्ष 3

काकूंना साखर हवी असते तेव्हा त्या पुढच्या दारानं येतात. बातमी द्यायची असली की मागच्या कुंपणापाशी. अल्लीपुरात आमच्या दोन घरांच्या मधे पऱ्हाट्यांचं कुंपण आहे आणि एका जागी ते त्यांच्या कोपरानं पार दबून गेलंय. परवा दुपारी तिथूनच हाक आली, आणि तीही दबक्या आवाजात.

“घरात कोनी हाय का व?”

“कोणी नाही काकू. सगळे वावरात गेलेत, कापूस वेचायला.”

“मंग आयक. आमच्या पोट्ट्यानं लगन केलं.”

पोट्टा म्हणजे त्यांचा नातू. नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला तो अजून गेला नाही, हाच मुळी काकूंच्या संशयाचा पाया.

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगाले कायले पाह्यजे? देवघराच्या फडताळात उदबत्त्या काढाले गेली, तं मागं एक पुडी सापडली. पिलास्टिकची. आत ते असते ना, कॉम्प्युटरले लावाचं बोटाएवढं...”

“पेन ड्राइव्ह.”

“हाव, तेच. अन् त्याच्यावर चिठ्ठी. चिठ्ठीवर काय लिवलं? सोफिया, वर्ष 3, हिवाळा.” काकू थांबल्या. माझ्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते त्यांनी पाहिलं. “तीन वर्साची पोरगी हाय त्याले. हिवाळ्यात झालेली.”

“काकू, पोरगा वीस वर्षांचा आहे.”

“मंग? त्याच्या आज्याचं लगन सतराव्या वर्सी झालतं.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. “अन् पुढचं आयक. रातच्याले फोनवर बोलून रायला होता. म्हने, अपडेट आलं तं माही बायको जाईन, घर जाईन, द्राक्षाचा मळा जाईन. मले सांग, हे अपडेट कोन? पोरीचा बाप हाय का? मळा हाय म्हन्ते तं नाशिककडचेच असतीन लोकं. अन् रोज रात्री आठ वाजले का वायफायचा डबा बंद करते. माही सिरियल आठलेच राह्यते! कोनाचा तरी फोन येऊ नये म्हनूनच ना?”

मला हसू आवरेना. माझी लेक पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर हेच उद्योग करते, म्हणून सोफियाचं नाव माझ्या कानावरून गेलेलं होतं. स्टारड्यू व्हॅली नावाचा शेतीचा खेळ आहे. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं साडेचारेक वर्षं खपून तो बनवला आणि 2016 च्या फेब्रुवारीत बाजारात आणला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, लिहिणंही त्याचंच. खेळात आपल्याला आजोबांची पडीक शेती मिळते. ती साफ करायची, पेरायची, पाणी द्यायचं, गावकऱ्यांशी ओळख वाढवायची, त्यांना आवडेल ते नेऊन द्यायचं. जमलं तर त्यातल्या एखाद्या गावकऱ्याशी लग्न होतं, पोरंबाळंही होतात.

काकूंना बायकोपेक्षा शेतीचा धक्का मोठा बसला.

“शेती? खेळात? अठी वावरात वलीत कराले चाल म्हटलं तं डोकं दुखते त्याचं! अन् तठी पानी देऊन रायला?”

“तिथे बोंडअळी नाही ना काकू.”

“अन् भाव?”

“भाव ठरलेला. संध्याकाळी घराजवळच्या पेटीत माल टाकायचा, सकाळी पैसे हातात.”

काकू एवढा वेळ गप्प राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. हिंगणघाटच्या मार्केटला कापसाच्या गाडीबरोबर रात्र काढलेली बाई आहे ती. “कावळे तरी असतीन,” त्या शेवटी म्हणाल्या. कावळे आहेत, आणि बुजगावणं लावलं नाही तर पीक खातात, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

तेवढ्यात पोट्टा स्वतःच न्हाणीकडून टॉवेल खांद्यावर टाकून आला. दुपारचे दोन वाजले होते. ही त्याची सकाळ. आजीनं त्याला तिथेच धरलं. “सोफिया कोन?”

तो आधी लाजला, आणि काकूंच्या लेखी गुन्हा शाबीत झाला. मग त्यानं सांगितलं ते मी जमेल तसं सांगते. मूळ खेळात सोफिया नाहीच. एका हौशी खेळाडूनं स्टारड्यू व्हॅली एक्सपांडेड नावाचा मॉड केला. मॉड म्हणजे मूळ खेळाच्या वर बाहेरच्या माणसानं चढवलेली भर. या मॉडनं गावात नवी घरं, नवे रस्ते, नवी माणसं आणली. त्यांच्यातच द्राक्षाचा मळा एकटीनं सांभाळणारी, गुलाबी केसांची ही सोफिया.

“गुलाबी केस,” काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या.

“आता घोटाळा कुठी हाय, मावशी,” तो माझ्याकडे वळला. आजीकडून न्यायाची आशा त्यानं सोडली होती. “मूळ खेळ एकाचा, मॉड दुसऱ्याचा. मूळवाल्यानं खेळ बदलला तं मॉडवाल्याले आपला मॉड पुन्हा बसवा लागते. त्याले कोनी पगार देते का? तो बसवन तवा बसवन. अन् खेळ तं रातोरात आपल्याआपच बदलते. आपन झोपून राह्यतो, लॅपटॉप चालू राह्यते, अपडेट येऊन बसते.”

2024 च्या 19 मार्चला या खेळाची 1.6 आवृत्ती आली. आली चांगलीच होती, नवे सण आणि नव्या प्रकारचं एक शेत घेऊन, तीही फुकट. पण ज्यांच्या शेतावर डझनभर मॉड चढवलेले होते त्यांचे कित्येक मॉड त्या दिवशी लाल अक्षरांत ‘चालत नाही’ म्हणून उभे राहिले. मॉड चालला नाही म्हणजे खेळ बंदच पडतो असं नाही, आणि खरी गोम इथेच आहे. शेत उघडतं, गाई असतात, पेटी असते, सोफिया नसते. आणि या खेळात सेव्ह होतो तो रात्री शेतकरी अंथरुणावर पडला की. म्हणजे बायको दिसत नाही म्हणून दिवसभर शोधून दमून एकदा झोपलात, की तिच्याशिवायचं घरच पक्कं लिहिलं जातं. शिवाय नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह झालेलं शेत जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही.

“मंग त्या पुडीत?” काकूंचा आवाज थोडा उतरला होता.

“पुडीत शेत हाय, आजी. तिसऱ्या वर्साच्या हिवाळ्यापर्यंतचं.”

त्यानं लॅपटॉप आणून कुंपणावर ठेवला आणि दाखवलंही. विंडोजच्या अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात, रोमिंगच्या आत, खेळाच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘सेव्हज’. तिथे प्रत्येक शेताचं वेगळं फोल्डर असतं, नावापुढे लांबलचक आकडा. आत दोन फायली, आणि त्याच दोन पुन्हा ‘ओल्ड’ असं शेपूट लावून. ही शेपटीवाली म्हणजे कालच्या दिवसाची प्रत, खेळ स्वतःच ठेवतो. पण ती एकाच दिवसाची. दोनदा झोपलात की तीही गेली. म्हणून हा गडी ते अख्खं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाकतो, आणि त्याच्या शेजारी मॉडचं फोल्डरही. नुसतं शेत ठेवून काय उपयोग? ज्या मॉडच्या जिवावर ते उभं आहे त्याची तीच आवृत्ती पुढे मिळेलच असं नाही.

“पण ते वर क्लाउडवर जातंच की,” मी म्हटलं. लेकीनं सांगितलेलं थोडं ज्ञान मीही पाजळलं.

“क्लाउडले काय समजते, मावशी? अठी बिघडलं का तठीही बिघडलेलंच जाते. अठून पुसलं का तठूनही पुसते.”

हे मला पटलं. लेकीचा दुसराही एक खेळ आहे, स्कायरिम. तिथली गोष्ट याहून अवघड आहे. त्या खेळातले बरेच मोठे मॉड एसकेएसई नावाच्या एका मधल्या प्रोग्रामवर चालतात, आणि तो खेळाच्या एकाच नेमक्या आवृत्तीसाठी बनवलेला असतो. खेळाच्या पोटात कोणती गोष्ट कुठे आहे याचे पत्ते त्यानं पाठ करून ठेवलेले असतात. मी काकूंना म्हटलं, आपला पोस्टमन घरांच्या नंबरावर चालतो आणि ग्रामपंचायतीनं रातोरात सगळे नंबर बदलले, तर काय होईल?

“माही पेन्शनची चिठ्ठी तुह्या घरी येईन.”

नेमकं तेच. 2021 च्या 11 नोव्हेंबरला स्कायरिमची दहाव्या वाढदिवसाची आवृत्ती आली आणि जगभरच्या मॉडवाल्यांचे पत्ते असे बदलले. 2023 च्या डिसेंबरात पुन्हा तेच. लेक सांगत होती की त्या खेळाची प्रत काढताना एकाच नावाच्या दोन फायली उचलाव्या लागतात, एक खेळाची आणि एक एसकेएसईची. घाईत पहिलीच उचलली तर सेव्ह उघडतो खरा, पण मॉडनी लक्षात ठेवलेलं बरंच काही गळून पडतं.

पोट्ट्याला स्फुरण चढलं. त्यानं फॉलआउट लंडनची गोष्ट काढली. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं राबून फॉलआउट 4 या खेळावर अख्खं लंडन उभं केलं आणि 2024 च्या 23 एप्रिलला ते सगळ्यांना द्यायचं ठरवलं. तर मूळ कंपनीनं आपलं मोठं अपडेट 25 एप्रिलला येणार असं जाहीर केलं. मांडव सजला आणि जमीनच सरकली. शेवटी लंडन आलं ते 25 जुलैला, आणि ते खेळायला लोकांना आपला खेळ आधी मागच्या आवृत्तीवर न्यावा लागला.

काकूंना मात्र लंडनपेक्षा जीटीए सॅन अँड्रियासची गोष्ट लागली. 2014 च्या नोव्हेंबरात त्या खेळाच्या स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातल्या प्रतीतून काही गाणी अपडेटनं काढून टाकली, कारण गाण्यांच्या परवान्याची मुदत संपली होती. जुने सेव्हही त्या अपडेटनंतर चालेनात.

“विकत घेतलेल्या टेपीतून गानं काढून नेलं?”

“हाव, आजी.”

“घरात येऊन?”

“घरातूनच.”

“अन् कोनी काई म्हटलं नाई?”

या बाबतीत मी काकूंच्या बाजूची आहे. खेळ सुधारायचा हक्क करणाऱ्याला आहेच, चुका दुरुस्त व्हायलाच हव्यात. पण तीन हिवाळे राबून उभं केलेलं शेत खेळणाऱ्याचं असतं. जुनी आवृत्ती फडताळात ठेवून ‘ज्याला हवी त्यानं घ्या’ म्हणायला काय जातं? काहीजण तसं करतातही. स्टारड्यूच्या बाबतीत स्टीमवर ‘बेटा’ नावाच्या खान्यात जाऊन जुनी आवृत्ती निवडता येते. जीओजी नावाच्या दुकानात तर खेळाचा इन्स्टॉलरच उतरवून घरी ठेवता येतो आणि अपडेट आपल्या मर्जीवर राहतं.

“बाकी सगळं ठीक आहे,” मी पोट्ट्याला म्हटलं, “पण वायफाय बंद करायचं कारण काय? स्टीमला सेटिंग आहे ना, सुरू करेन तेव्हाच अपडेट कर म्हणून.”

“ते केलं, मावशी. अन् खेळ मी स्टीममधून सुरूच करत नाई, मॉडवाल्या प्रोग्रामनंच उघडतो. स्टीमच्या फोल्डरात खेळाची एक नोंदीची फाईल असते, 413150 नंबरची. तिलेही रीड-ओन्ली करून ठेवलं.”

“मग?”

“मंग बी भेव लागते ना.”

“स्टीम ऑफलाइन मोडला टाक. फक्त तेवढंच थांबतं, आजीची सिरियल चालू राहते.”

त्यानं मान हलवली. मी त्याला एवढंही बजावलं की ही थांबवाथांबवी एकट्यानं खेळायच्या खेळापुरतीच. विंडोजचं आणि बँकेच्या अ‍ॅपचं अपडेट अडवून बसलास तर सोफिया राहील आणि खातं जाईल.

काकूंचा धाकटा नातू, जो मोबाइलवर इंडोनेशियाच्या बसच्या खेळात आपली लालपरी चालवतो, तो हे सगळं मधे उभा राहून ऐकत होता. त्या खेळात गाडीचा मॉड आणि बाहेरचा रंग आपला आपण चढवता येतो. 2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा हा एवढासा होता. पण दादाच्या मांडीवर बसून त्यानं त्या फोनमधली एसटी एक दिवस बंद पडू दिली नाही. त्यानं लगेच आपला फोन पुढे केला. दादानं प्ले स्टोअरमध्ये त्या खेळाच्या पानावर वरचे तीन ठिपके दाबले आणि ऑटो अपडेटची खूण काढून दिली. पोरगं फोन छातीशी धरून पळालं.

काकू मात्र कुंपणावरून हलेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“काय झालं आता, काकू?”

“काई नाई. त्या कोपऱ्यावरच्या बाईनं काल विचारलं, अहेराले लुगडं आनू का सून फ्रॉक घालते.”

पोट्ट्याचा टॉवेल खांद्यावरून घसरला. “आजी, तू कोनाकोनाले सांगतलं?”

“कोनाले सांगन मी? कोपऱ्यावर. अन् तुह्या मामीले फोनवर.”

“बस?”

“अन् पिठाच्या चक्कीवर. पन तठी चक्की चालू होती, कोनाले काई आयकू आलं नसन.”

“मी उद्याच्या पहिल्या गाडीनं नागपूरले चाललो,” तो लॅपटॉप काखेत मारत म्हणाला.

“जा,” काकू म्हणाल्या. “पन तो डबा चालू ठेवून जा.”