अठ्ठेचाळीस केबीचं बिऱ्हाड

नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत लग्नं ठरली, बाळंतपणं झाली, गणपती बसले आणि कॉटखाली बसून दहावीचे अभ्यासही झाले. त्यामुळे ४८ केबी मेमरीत काही मावत नाही, ही तक्रार इथल्या माणसाला शोभत नाही.

४८ केबी होती झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाला. क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने तो १९८२ साली इंग्लंडात काढला; आपल्याकडे डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६च्या सुमारास ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला. टीव्ही हा त्याचा पडदा आणि घरातला टेपरेकॉर्डर ही त्याची डिस्क. त्याच्यासाठी आजही हौसेने नवे प्रोग्रॅम लिहिणारी माणसं जगभर आहेत. निवृत्तीनंतर मीही त्या पंगतीत जाऊन बसलोय.

“अहो, यातून मिळतं काय?” हिने विचारलं.

“समाधान.”

“मग या महिन्याचं दुधाचं बिल त्यातूनच द्या.”

काम तसं सरळ आहे. लॅपटॉपवर असेंब्ली भाषेतली आज्ञावली लिहायची आणि पास्मो नावाच्या असेंबलरला द्यायची. तो तिचे झेड-८० प्रोसेसरला कळणारे बाइट करतो आणि ‘टॅप’ फाइल हातात ठेवतो. टॅप फाइल म्हणजे फीत नसलेली कॅसेट. पण त्याआधी बिऱ्हाड उतरणार कोणत्या पत्त्यावर, ते ठरवावं लागतं. पहिले १६ केबी रॉमचे. तिथे पागडी देऊनही जागा मिळत नाही. पुढचे ६९१२ बाइट पडद्याचे. तिथे सामान ठेवलंत तर ते टीव्हीवर साऱ्या चाळीला दिसतं. मग बेसिक भाषेचा संसार. शहाणा माणूस ३२७६८पासून पुढे मुक्काम टाकतो, कारण रॅमच्या खालच्या १६ केबीत चित्र काढणाऱ्या चिपचा नंबर आधी लागतो आणि प्रोसेसर बादली घेऊन रांगेत उभा राहतो.

सामान उतरलं की प्रोग्रॅम सुरू करायची आज्ञा: ‘रँडमाइझ यूएसआर ३२७६८’. यातला यूएसआर खरं काम करतो. तो परत येताना एक आकडा घेऊन येतो, आणि तो आकडा कुणाच्या तरी पदरात टाकायचा म्हणून रँडमाइझला पुढे बसवलेलं. इतक्या फालतू कामासाठी इतका भारदस्त माणूस मी फक्त सत्कार समारंभांतच पाहिलाय.

माझा प्रोग्रॅम पडद्यावर ‘नायगाव’ लिहितो, बस्स. देवनागरीत मात्र. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही, पण आपण आखून दिलेली २१ चिन्हं तो निमूट काढतो. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचं. वरची ओळ शिरोरेषेला गेली की खाली उरतात सात. न, य, व मुकाट बसले. ग जरा अडला, त्याच्या दोन दांड्यांमध्ये मोकळा ठिपका सोडला नाही तर तो भिंतीसारखा दिसतो. काना स्वतःचा चौकोन घेऊन बसला, त्याला इलाज नाही. ‘परळ’ तूर्त लांबणीवर टाकलंय. ळची दोन्ही पोटं तेवढ्यात बसेनात. परळकरांनी राग मानू नये.

१९८४च्या ‘क्लास’ योजनेत आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणकही आले होते. त्यांच्यासाठी कॅसेटऐवजी अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा बनवता येते. तिथे एका बाजूला ३१च फाइली आणि फाइलच्या नावाला सातच अक्षरं. रोमन लिपीत नायगाव बरोबर सात अक्षरी. घाटकोपरवाल्यांनी आपलं बघून घ्यावं.

बीडीडीचा पुनर्विकास चालू आहे. ५०० फुटांच्या घरात जायचं म्हणून पोटमाळे रिकामे होतायत. तिथे जुना डीबी स्पेक्ट्रम निघाला, किंवा गाण्यांऐवजी नुसती किरकिर ऐकू येणाऱ्या कॅसेटी निघाल्या, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा: टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकला जोडा आणि ती किरकिर रेकॉर्ड करून ठेवा. तिची टॅप फाइल नंतर सावकाश बनवता येते. पूर्ण ४८ केबी वाजायला पाचेक मिनिटं लागतात. सामानाचा टेम्पो तेवढा थांबतो.